चौघांत एक विमान: विदर्भातल्या नवख्यांसाठी भागीदारीची वाट

चार जणांनी मिळून एक जुनं सेसना घ्यायचं, असं आपल्याकडे कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग हळूच विचारतो, "पण भाऊ, पडते कितीले?" त्याला विमानाची किंमत सांगितली तर त्याची दिशाभूलच होईल. कारण विमान घ्यायला एकदाच पैसा लागतो, ते उभं ठेवायला दरवर्षी लागतो. हँगरचं (विमान ठेवायच्या शेडचं) भाडं, विमा, वार्षिक तपासणी, इंजिनिअरचा मेहनताना हे सगळं विमान एक इंचही हललं नाही तरी द्यावंच लागतं. भागीदारीत वाटला जातो तो मुख्यतः हा उभा खर्च. सातबाऱ्यावर सामायिक विहीर असलेल्या घरात वाढलेल्यांना यापुढचं फारसं समजावून सांगायला नको. विहीर खोदताना सगळे भाऊ एकदिलाने उभे असतात, भांडण लागतं ते मोटर जळाल्यावर.

ब्रिटनमध्ये अशी गटमालकी इतकी रुळलेली आहे की तिथल्या नियमांतच तिची मर्यादा दिली आहे: जास्तीत जास्त वीस मालक आणि प्रत्येकाचा वाटा किमान पाच टक्के. तेवढ्यात राहिलं तर विमान खासगीच मानलं जातं. आपल्याकडे असा तयार साचा नाही. त्यामुळे गटाची घडी बऱ्याच अंशी तुम्हालाच बसवावी लागते.

आधी मेडिकल, मग लायसन, मग इसार

क्रम चुकवू नका. प्रायव्हेट पायलट लायसनसाठी वय १७ पूर्ण हवं, दहावी पास हवी, डीजीसीएने (नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या कार्यालयाने) नेमलेल्या डॉक्टरकडून क्लास टू मेडिकल, म्हणजे तब्येतीचं प्रमाणपत्र हवं आणि किमान ४० तासांचं उड्डाण हवं. त्यातले काही तास एकट्याने उडवायचे असतात, त्यात लांबचा प्रवासही येतो. हवाई नियम, नेव्हिगेशन, हवामान, विमान आणि इंजिन या विषयांची लेखी परीक्षा असते. रेडिओवर बोलायचा परवाना वेगळा काढावा लागतो.

पहिला खर्च मेडिकलचा करा. चाळिशी ओलांडलेल्यांमध्ये साखर आणि रक्तदाब निघतो, आणि रंग ओळखण्यातला दोष कित्येकांना त्या खोलीत बसल्यावर पहिल्यांदा कळतो. मेडिकल हातात येईपर्यंत कुणालाही इसार देऊ नये, समोरचा किती का ओळखीचा असेना.

शिकायला विदर्भात जागा आहेत. नागपूर फ्लाइंग क्लब जुना आणि सरकारी, त्याचं प्रशिक्षण चंद्रपूरजवळच्या मोरव्याच्या धावपट्टीवर हलवलं गेलं. गोंदियाच्या बिरसी विमानतळावर नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट आहे. अमरावतीच्या बेलोऱ्याला एअर इंडियाने आपली प्रशिक्षण संस्था जाहीर केली. पण यातल्या मोठ्या संस्थांचा भर व्यावसायिक वैमानिक घडवण्यावर असतो. हौसेखातर शिकणाऱ्याला तारखा मिळतात का, हे फी भरण्याआधी स्पष्ट विचारा. नाही तर विशीतली पोरं रोज उडतात आणि शेतावरची कामं टाकून आलेले तुम्ही झाडाखाली बसून राहता.

हिशेब वहीत मांडा

खालचे आकडे गणितापुरते धरलेले आहेत, बाजारभाव म्हणून घेऊ नका. समजा चार आसनी सेसना १७२ चा वर्षाचा उभा खर्च १२ लाख. चौघांत वाटला तर प्रत्येकी ३ लाख. उडवण्याचा खर्च, म्हणजे इंधन, तेल आणि इंजिनासाठी बाजूला टाकायची रक्कम, तासाला ९ हजार. फ्लाइंग क्लबात तेच विमान तासावर १४ हजारांना मिळत असेल, तर गटात तासाला ५ हजार वाचतात. तीन लाखांचा उभा खर्च भरून निघायला वर्षाला ६० तास उडावं लागेल. म्हणजे आठवड्याला तास-सव्वा तास, पावसाळा धरून. इतकं उडणार नसाल तर क्लबच स्वस्त, आणि तिथे डोक्याला तापही नाही. बहुतेकांनी भागीदारीत पडण्याआधी एक वर्ष क्लबातच उडून आपले तास खरोखर किती होतात ते बघावं, असं माझं मत आहे. भागीदारीतला खरा फायदा पैशापेक्षा मोकळिकीचा: विमान सकाळी नेऊन संध्याकाळी परत आणता येतं, मध्ये कुणी घड्याळ लावून बसत नाही.

इंधनाचं वेगळं बघा. जुन्या सेसनांना अॅव्हगॅस १०० एलएल लागतं. निळसर रंगाचं हे पेट्रोल २०२२ पासून इंडियन ऑइल वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवतं, त्याआधी ते बाहेरून यायचं. दोन आसनी सेसना १५२ तासाला साधारण २२ ते २४ लिटर पिते, १७२ साधारण ३२ ते ३६. लहान धावपट्टीवर इंधन बॅरलमधून येतं, त्यामुळे ते कुठून येणार, कोण आणणार आणि साठवणुकीची परवानगी कुणाच्या नावावर हे आधी ठरवा. रोटॅक्स इंजिनाचं हलकं विमान घेतलं की गावच्या पंपावरचं पेट्रोल चालतं, असं कुणी सांगेल. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि रोटॅक्स ९१२ ला १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल मान्य आहे. तेव्हा तो हिशेब तिथेच मोडतो.

विमान राहणार कुठे

वणी, पुसद, तिरोडा, मूल अशा ठिकाणी राहणाऱ्यांना विमान दाराशी ठेवता येणार नाही. आपल्याकडे हौशी लोक लगेच म्हणतात, "चाळीस एकर आहे, पट्टी काढून टाकू." काळ्या जमिनीत हा विचार करूच नका. पावसाळ्यात त्या मातीत ट्रॅक्टर रुततो आणि उन्हाळ्यात पायाचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. शिवाय परवानग्यांचा भाग वेगळाच.

मग उरतात मोरवा, बिरसी, बेलोरा, अकोल्याची शिवणी, यवतमाळ आणि अर्थात नागपूरचं सोनेगाव. ताबा कुणाचा ते आधी बघा. शिवणी आणि बिरसी विमानतळ प्राधिकरणाकडे, बेलोरा एमएडीसीकडे, म्हणजे राज्याच्या विमानतळ विकास कंपनीकडे. मुक्कामी विमान ठेवायची लेखी परवानगी त्या त्या कार्यालयाकडून मिळते, चौकीदाराच्या शब्दावर राहू नका. एप्रिल २०२५ पासून बेलोऱ्याहून मुंबईची विमानं सुटू लागली. जिथे प्रवासी विमान येतं तिथे सुरक्षा कडक होते, पास लागतात, आणि लहान विमानाला वेळ मागून घ्यावा लागतो. सोनेगाव तर हवाई दलाचं आणि मोठ्या विमानांचं, तिथे हौशी गटाने घर करणं खर्चिक आणि गैरसोयीचं.

घरापासून तासाभराच्या आत धावपट्टी नसेल तर पहिल्या वर्षाचा उत्साह ओसरला की तुमचे तास निम्मे होतात. आणि हँगर नसेल तर भागीदारी नको. मे महिन्यात उघड्यावर उभ्या विमानाच्या काचा पिवळ्या पडतात, जुलैत गंज धरतो.

माणसं

तयार गटाची पाटी कुठे लागलेली दिसणार नाही. चौकशी करायची ती इन्स्ट्रक्टरकडे आणि देखभाल करणाऱ्या इंजिनिअरकडे. कोण किती वेळा उडतो, कोण विमान पुसून ठेवतो, कुणाचं बिल राहतं, हे इंजिनिअरला बरोबर ठाऊक असतं.

उडायला आपल्याकडे उत्तम हंगाम साधारण दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत. हवा स्वच्छ, थंड, दुपारीही फार उसळत नाही. पण नेमका तेव्हाच कापूस वेचणीला असतो, तूर उभी असते, आणि शेती किंवा जिनिंग ज्याच्याकडे आहे त्याला मान वर करायला फुरसत नसते. डॉक्टर, वकील, प्राध्यापक मंडळींना मात्र सगळ्यांनाच डिसेंबरातला रविवार हवा. म्हणून चारही भागीदार एकाच धंद्यातले नसावेत. दोघे नोकरीवाले-दवाखानेवाले, दोघे शेती-व्यापारातले असा मेळ असेल तर रविवार आणि मधले वार आपोआप वाटले जातात. चार ही संख्याही मला योग्य वाटते. तिघांत एक जण आजारी पडला की उभा खर्च जड जातो, सहा झाले की हंगामात विमान मिळत नाही.

विमान बघताना

बाहेरून आयात करायच्या भानगडीत नवख्या गटाने पडू नये. परवानग्या लांबतात आणि खासगी वापराच्या विमानावर जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला आहे. भारतात आधीच नोंदलेलं, म्हणजे शेपटीवर व्हीटीने सुरू होणारी अक्षरं असलेलं विमान शोधा.

रंग आणि सीटकव्हर बघून भाळू नका. आधी तीन नोंदवह्या (लॉगबुक) मागा: सांगाड्याची, इंजिनाची, पुढच्या पंख्याची. एखादी वही हरवली असं सांगितलं तर चहा पिऊन परत या. या विमानांत सहसा असतं ते लायकमिंग इंजिन दोन हजार तासांच्या आसपास किंवा बारा वर्षांनी पूर्ण उघडावं, अशी कंपनीची शिफारस असते. विकणारा तास सांगतो, वर्षं सांगत नाही. "फक्त सहाशे तास चाललं आहे" हे ऐकायला गोड, पण तेच इंजिन चार वर्षं हँगरात बंद असेल तर ते जास्त चाललेल्या इंजिनापेक्षा वाईट असू शकतं. या इंजिनांत कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, वरच्या बाजूला असतो. इंजिन बंद राहिलं की तेल खाली उतरतं आणि आपल्या पावसाळ्याची दमट हवा कोरड्या पडलेल्या कॅमला गंजवते.

पाहणीला आपला इंजिनिअर न्या, विकणाऱ्याचा नको. त्याला तेलाचा फिल्टर कापून उघडायला सांगा. पत्र्याच्या डब्यातून घडीचा कागद निघतो, तो उन्हात पसरून बघायचा. चमचमणारे धातूचे कण दिसले तर इंजिन आतून झिजतं आहे. सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. पंखाखालच्या टाकीच्या नळीतून काचेच्या भांड्यात थोडं इंधन काढा: वर निळं पेट्रोल आणि तळाशी पाण्याचा थेंब वेगळा गोळा होऊन बसलेला दिसला, तर टाकीच्या झाकणाचं रबर गेलेलं असू शकतं. पिटो नळीत (हवेचा दाब घेऊन वेग दाखवणाऱ्या नळीत) गांधीलमाशीने माती भरली आहे का, काउलिंगखाली (इंजिनावरच्या झाकणाखाली) साळुंकीच्या काड्या आहेत का, डॅशबोर्डामागे उंदराने वायरी कुरतडल्या आहेत का, हेही बघायचं. हसण्यावारी नेऊ नका. पिटो बंद असेल तर वेगाचा काटा खोटं सांगतो, आणि धावपट्टी सोडल्यावर तेवढा एकच काटा जिवाचा असतो.

कागदावर मालक कोण

दोन रस्ते आहेत. एक, नोंदणी प्रमाणपत्रावर सगळ्या भागीदारांची नावं. सोपं, पण एक जण बाहेर पडला की डीजीसीएकडे नोंदणी बदलण्याचं काम. दुसरा, खासगी कंपनी काढून विमान तिच्या नावावर आणि भागीदारांकडे तिचे शेअर. माणसं बदलली तरी विमानाची नोंद तीच राहते, पण कंपनीचा ऑडिट-रिटर्नचा वर्षाचा व्याप मागे लागतो. चौघांपलीकडे जाणार असाल किंवा वाटे विकले जाण्याची शक्यता असेल तर दुसरा रस्ता बरा. कर कसा लागेल हे सीएकडून लिहून घ्या.

खासगी प्रवर्गातल्या विमानाचं भाडं घेता येत नाही आणि प्रायव्हेट लायसनवाल्याला उडवण्याचे पैसे घेता येत नाहीत. गावात विमान आहे हे कळलं की फोन येणारच. लग्नात नवरदेव विमानातून आणायचा, निवडणुकीत वरून पत्रकं टाकायची, सोयाबीनवर फवारणी करायची. "पैशाचं टेन्शन घेऊ नका, दादा" असं वर म्हणतात. पैसा घेतला की विमानाचा दर्जा, विमा आणि तुमचं लायसन तिन्ही धोक्यात. घरच्यांना, मित्रांना फुकट फिरवा, कुणाची ना नाही.

करारनामा

बाकी सगळं घाईत केलं तरी चालेल, हे नको. तालुक्याच्या ठिकाणी स्टॅम्पपेपरवर जो दोन पानी भागीदारीचा नमुना मिळतो तो इथे उपयोगाचा नाही.

पैशाचे दोन भाग वेगळे लिहा. उभा खर्च दर महिन्याच्या ठराविक तारखेला, उडा की न उडा. उडण्याचा खर्च तासावर, आणि तास इंजिनाच्या मीटरवरून, अंदाजाने नाही. त्या तासाच्या दरातच इंजिनाचा निधी धरा. समजा इंजिन पुन्हा बांधायला २० लाख लागणार आणि आयुष्य दोन हजार तासांचं, तर तासाला एक हजार बाजूला पडायला हवेत. हा निधी वेगळ्या खात्यात आणि दोन सह्यांशिवाय निघणार नाही असा ठेवा. गटात नव्याने शिरताना पहिला प्रश्न हाच विचारायचा: इंजिन किती तास चाललं आहे आणि निधीत किती आहेत? दीड हजार तास झाले आणि खात्यात दोन लाख असतील, तर तुम्ही वाटा नाही, थकलेलं बिल विकत घेताय.

नुकसानीचं कलम नीट वाचा. विमा असला तरी सुरुवातीची काही रक्कम आपल्याच खिशातून जाते. ती उडवणाऱ्याने भरायची की सगळ्यांनी? माझ्या मते उडवणाऱ्याने, पण टायर फुटणं, पक्षी धडकणं यासारख्या गोष्टींत सगळ्यांनी. विमा कंपनीला प्रत्येक वैमानिकाचं नाव आणि तास कळवलेले असावेत. मेडिकलची तारीख उलटलेल्या भागीदाराने विमान काढलं तर दावा फेटाळला जाऊ शकतो, म्हणून तारखांची यादी एकाने सांभाळायची आणि तारीख गेली की चावी काढून घ्यायची. मग तो डॉक्टरसाहेब असो की गटातला सगळ्यात मोठा भाऊ.

एकमताने काय ठरणार आणि बहुमताने काय, हेही लिहा. विमान विकणं, नवा भागीदार घेणं, नवी यंत्रं बसवणं एकमताने. टायर-बॅटरी बहुमताने. आणि कुणीही एकट्याने विमान उडण्यालायक नाही असं म्हटलं तर इंजिनिअरने बघेपर्यंत ते उडणार नाही. यावर मतदान नाही.

विमान ताब्यात आल्यावर

लायसन असलं तरी त्या विशिष्ट विमानावर इन्स्ट्रक्टरसोबत काही उड्डाणं करा, आणि त्यातलं एक तरी एप्रिल-मेमधल्या दुपारी. मोरव्याच्या धावपट्टीवर जानेवारीत सहज उठणारं विमान मेमध्ये वेगळंच वागतं. समजा, समुद्रसपाटीपासून हजार फूट उंचीच्या एखाद्या धावपट्टीवर पारा ४५ ला गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाला ती सुमारे ४,८०० फुटांवरची वाटते. इंजिनाची ताकद साधारण सातव्या हिश्शाने कमी होते, पंखा कमी हवा खेचतो, धाव लांबते. सेसना १५२ चं कमाल वजन ७५७ किलो. टाकी भरलेली आणि आत दोन धडधाकट माणसं, एवढ्यातच मर्यादा जवळ येते. म्हणून उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत परत उतरायचं, हा गटाचाच नियम करा. मार्च-एप्रिलमध्ये दुपारून आकाश भरून आलं, गारपिटीची बातमी असली तर हँगरचं दार उघडायचंच नाही. गोंदिया-भंडाऱ्याकडे हिवाळ्यात तलावांवरचं धुकं सकाळी उशिरापर्यंत रेंगाळतं, आणि तिथे पाहुणे पक्षीही उतरलेले असतात.

उड्डाणाआधी फ्लाइट प्लॅन भरायचा, हवाई संरक्षणाची मंजुरी घ्यायची, तिचा नंबर वहीत लिहायचा. डोळ्यांनी बघून उडवायचं उड्डाण सूर्यास्तानंतर करता येत नाही, तेव्हा परतीचा वेळ धरून निघा. पुलगावचं दारूगोळा भांडार, आयुध निर्माण्या असा आपला मुलूख आहे. चार्टावर (हवाई नकाशावर) निर्बंधित हद्दी बघितल्याशिवाय मार्ग आखू नका. पहिल्या लांबच्या फेरीला मोरवा ते बिरसी चांगलं: सरळ रेषेत दोनेकशे किलोमीटर, वाटेत वैनगंगा ओलांडावी लागते आणि ती वाट दाखवायला मदतही करते. १७२ ने तासाभरापेक्षा थोडं जास्त. उतरायची परवानगी आदल्या दिवशीच घेऊन ठेवा.

गटाचा स्वतःचा एक नियम असू द्या: तीन महिने विमानाला हात न लावलेल्याने पहिलं उड्डाण इन्स्ट्रक्टरसोबत करायचं. आणि पावसाळ्यातही आठवड्या-पंधरवड्यात एखादी कोरडी सकाळ मिळाली की कुणी तरी विमान तासभर उडवून यायचं. नुसतं जमिनीवर सुरू करून बंद करू नका. तेल पुरेसं तापत नाही, त्यातली वाफ आतच राहते आणि गंज वाढतो. कुणाची पाळी, हे जूनच्या आधी कागदावर लिहून हँगरात चिकटवा.

बाहेर पडायचं असेल तर

हे कलम आत शिरतानाच लिहायचं असतं. वाटा आधी उरलेल्यांना देऊ करायचा, त्यांनी ठराविक मुदतीत घेतला नाही तर बाहेर. नव्या माणसाला बाकीच्यांची संमती लागेल, पण निव्वळ अडवणुकीसाठी नकार देता येणार नाही. किंमत दरवर्षी एकदा, वार्षिक तपासणीनंतर, सगळ्यांनी मिळून ठरवून वहीत लिहायची, म्हणजे ऐनवेळी घासाघीस नको. वाटा विकला जाईपर्यंत उभा खर्च जाणाऱ्याच्याच माथी, नाही तर पाऊस सुरू झाला की सगळेच निघतील.

भागीदार वारला तर वाटा वारसांचा, उडवायचा हक्क नाही. वारसांना सहा महिन्यांत ठरलेल्या किमतीने पैसे मिळतील असं लिहा, आणि ते पान घरी बायकोला, मुलांना वाचून दाखवा. एक प्रत बँकेच्या पासबुकासोबत ठेवा.